एर्न्स्ट फोग्टचा टोप

३ नोव्हेंबर १९५७, रविवार

आज तिसरा मिळाला, आणि तिन्हींत हाच सर्वांत चांगला. वालावलच्या हरिश्चंद्र राऊळांच्या अंगणात कोंबड्या त्यातून कोंडा खात होत्या.

पहिला देवबागला सापडला तेव्हा ही हौस जडेल असे वाटले नव्हते. तिथे होडीतले पाणी उपसायला तो वापरीत. खारे पाणी लागून त्याची एक बाजू चाळणीसारखी झाली आहे. दुसरा आचऱ्याच्या एका घरात होता, त्यात विड्याचा चुना भिजत घालीत. आमच्या भागातले कितीतरी लोक मराठा पलटणीतून आफ्रिकेत नि इटलीत लढले आणि येताना जर्मन पायदळाचे हे लोखंडी टोप घेऊन आले. कानांवरून खाली उतरणारी ती कड एकदा पाहिली की माणूस विसरत नाही. आता बारा वर्षांत ते गंजून भंगारात चालले. इतिहासाच्या शिक्षकाने ते जमवायचे नाहीत तर कोणी?

राऊळ घरी नव्हते. त्यांच्या पत्नी यशोदाबाईंनी मी बदल्यात आणलेली ॲल्युमिनियमची परात उलटसुलट करून पाहिली आणि टोपातला कोंडा झटकून तो माझ्या हातात दिला. "घेवन जावा मास्तर. कोंबड्यांका परातच बरी."

मी निघणार इतक्यात राऊळ आले. पस्तिशीचा काटक माणूस, खांद्यावर सुपारीचे दोन घोस. माझ्या हातातला टोप पाहून बेड्याच्या फाटकापाशीच उभे राहिले. घोस खाली ठेवायलाही विसरले. मग म्हणाले, "घेवन जावा. पण फुडला काय इचारू नकात."

लाजाळू माणूस. खरे शूर असेच असतात.

५ नोव्हेंबर

शाळेतून आल्यावर घासलेट नि नारळाच्या सोडणाने टोप घासला. कड आत दुमडलेली आहे. आचऱ्याच्या टोपाची कड उघडी, धारदार. म्हणजे लढाई लांबली तसे ते लोक घाईघाईने टोप काढू लागले असावेत, असा माझा तर्क. आत कातड्याच्या आठ पाकळ्या, डोक्याला बेताच्या बसाव्यात म्हणून नाडीने ओवलेल्या. कोंड्याचा थर खरवडला तर कातड्यावर शाईची अक्षरे दिसली: एर्न्स्ट फोग्ट. खाली पाच आकडी नंबर.

नाव असलेला टोप! मी तो डोक्यावर घालून पाहिला. अगदी माझ्या मापाचा.

सुगंधा चहा घेऊन आली होती. तिने पाहिले, कप खाली ठेवला आणि आत निघून गेली. तिचा थोरला भाऊ दत्ताराम आमच्या लग्नाआधीच आफ्रिकेत कामी आला, त्यामुळे तिला या वस्तू नकोशा वाटत असतील. पण त्याला सोळा वर्षे होत आली. मी टोप पडवीतल्या कपाटात हलवले. तिच्या नजरेआड असले की झाले.

१७ नोव्हेंबर, रविवार

मुंबईच्या जर्मन वकिलातीला इंग्रजीत पत्र लिहिले. नाव नि नंबर कळवून या शिपायाची काही माहिती मिळेल का, असे विचारले. सव्वीस जानेवारीला शाळेत माझे प्रदर्शन आहे. शिक्षणाधिकारी येणार आहेत. नुसता टोप ठेवणे वेगळे आणि त्याच्या मालकाचा जन्म, गाव, हुद्दा लिहिलेली पाटी ठेवणे वेगळे.

२९ डिसेंबर, रविवार

नाताळच्या सुट्टीत खारेपाटणला जाऊन आलो. राऊळांच्याच तुकडीतले महादू सावंत तिथे असतात, असे कळले होते. मोठा मोकळा माणूस. गावात वजन आहे, उन्हाळ्यात सरपंचपदाला उभे राहणार आहेत. त्यांनी जर्मन डोंगरी पलटणीची कापडी टोपी दिली. पुढे झापड, बाजूला फुलाचा धातूचा बिल्ला. माझ्या संग्रहातली पहिलीच कापडी.

फोग्टच्या टोपाची हकिगत विचारली तेव्हा त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले. मग हसले.

"हरीन काय सांगल्यान?"

"ते बोलतच नाहीत."

"तो नायच बोलाचो. मी सांगतंय." आणि तासभर सांगत होते. नदीपलीकडे धूर, ओढ्यात समोरासमोर गाठ, दोघांच्याही बंदुका रिकाम्या, मग संगीन. हातघाई. मी सगळे उतरवून घेतले.

२६ जानेवारी १९५८, रविवार

प्रदर्शन उत्तम झाले. शिक्षणाधिकाऱ्यांनी तिन्ही टोप हातात घेऊन पाहिले. फोग्टच्या टोपाखाली माझ्या अक्षरात पाटी होती: "हवालदार हरिश्चंद्र राऊळ यांनी समोरासमोरच्या झुंजीत मारलेल्या जर्मन सैनिकाचे शिरस्त्राण."

राऊळांना मी आग्रहाने बोलावले होते. मुख्याध्यापकांनी हार घातला, मुलांनी टाळ्या पिटल्या. राऊळ पाटीपुढे उभे राहून एकेक अक्षर लावीत वाचत होते. मग मला विचारले, "ह्या तुमका कोणी सांगला?"

"महादू सावंतांनी."

त्यांनी हार काढला, घडी करावी तसा गुंडाळला आणि बाकावर ठेवला. चहाला थांबले नाहीत. मुख्याध्यापक म्हणाले, खेड्यातली माणसे सत्काराला बुजतात.

८ मार्च

वकिलातीमार्फत पाकीट आले. आत एक इंग्रजी भाषांतर आणि मूळ जर्मन पत्र, निळ्या शाईत, बारीक, तिरक्या अक्षरात. फोग्टच्या आईचे. इथे मराठीत उतरवून ठेवतो.

"माझ्या मुलाचे शेवटचे पत्र मार्च १९४५ मधले आहे. त्यानंतर तो बेपत्ता, एवढेच मला सांगण्यात आले. कैदी परत येऊ लागले तेव्हा प्रत्येक यादी मी वाचली. त्याचा टोप हिंदुस्थानात आहे, असे आता कळते. टोप परत पाठवू नका. तो त्याला सरकारने दिला होता, मी नव्हे. पण ज्याने तो आणला त्याने माझ्या मुलाला पाहिले असेल. त्याला विचारा, एर्न्स्ट तेव्हा जिवंत होता का. आणि तो कुठे आहे. तो एकोणीस वर्षांचा होता."

खरे लिहायचे तर 'परत पाठवू नका' हे वाचून पहिल्यांदा मला हायसे वाटले. मग पत्र पुन्हा वाचले.

११ मार्च

सुगंधाने पत्र मागून घेतले. मूळ जर्मन तिला वाचता येत नाही, मलाही नाही, तरी तेच घेऊन बसली. दोन दिवस ते तिच्या शिवणाच्या डब्यात आहे. काय बघतेस, असे विचारले तर म्हणाली, "अक्षर."

राऊळांना सांगावे की नाही? 'फुडला काय इचारू नकात' असे त्यांनी बजावले होते. पण रणांगणात मारला, त्यात लपवायचे काय? एका ओळीचे उत्तर आहे. रविवारी जातो.

१६ मार्च, रविवार

कर्लीच्या खाडीतून होडीने वालावलला गेलो. राऊळ बागेत पाण्याचे शिपणे करीत होते. पत्र वाचून दाखवले. अर्ध्यावरच त्यांनी पन्हळ सोडून दिली. पाणी भलत्याच आळ्यात जाऊ लागले, त्यांचे लक्ष नव्हते.

"त्येची आवस जिती आसा?"

"होय, त्याची आई जिवंत आहे."

"तो टोप माझो न्हय," ते एकदम म्हणाले. "माका बाजारात गावलो."

"अहो, पण महादू..."

"बाजारात गावलो म्हणून सांगलंय ना!" एवढ्या मोठ्याने ओरडले की यशोदाबाई मागल्या दारी आल्या. मग ते पाण्यातून चालत बागेच्या टोकाला गेले आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. मी वाट पाहिली. शेवटी होडीवाल्याने हाक मारली.

१९ मार्च

दुसरा तास चालू असताना यशोदाबाई शाळेत आल्या. पायांत वहाणा नाहीत. वर्गाच्या दारातूनच विचारले, "मास्तर, तुमी त्येंका काय सांगलास?"

राऊळ सोमवारी पहाटे घरातून गेले ते आले नाहीत. सदरा खुंटीवर आहे, विळा आहे, काही नेले नाही. गावातले लोक तळ्यात गळ टाकून पाहत आहेत.

मी म्हणालो, एका पत्राविषयी बोललो. कसले पत्र, ते सांगायचे टाळले.

"तुमी टोप न्हेलास त्या दिसापासून ते झोपनत नाय," त्या म्हणाल्या. "मियांच दिलंय तो. माझ्याच हातान."

मुले ऐकत होती.

२० मार्च

रजा घेतली. होडीने नेरूरपारापर्यंत दोन्ही काठ पाहिले. खारफुटीत काही पांढरे दिसले की होडीवाला वल्हे थांबवी आणि मी काठीने फांद्या बाजूला करी. एकदा फाटके शीड निघाले, एकदा मेलेला बगळा. होडीवाला म्हणाला, माणूस बुडाला तर तीन दिवसांनी वर येतो. आज तीन दिवस झाले.

एका टोपासाठी मी एका माणसाचा जीव घेतला का?

२१ मार्च

काही नाही. यशोदाबाई लक्ष्मीनारायणाच्या देवळाच्या पायऱ्यांवर बसून आहेत. सुगंधाने डबा पाठवला होता, तो तसाच परत आला.

२३ मार्च, रविवार

राऊळ जिवंत आहेत! सकाळी महादू सावंत घरी आले आणि बसण्याआधीच सांगितले, "हरी माझ्याकडे आसा. चलत इलो खारेपाटणाक. त्येच्या घराक निरोप धाडलंय."

मला रडू आवरेना. त्यांनी ते ओसरू दिले. मग दार लोटून घेतले. आज त्यांच्या बोलण्यात तो मोकळेपणा नव्हता.

"ता पत्र खंय आसा?"

"माझ्याकडे."

"जाळून टाका. हरीचा डोक्या फिरलाहा. तो काय बरळलो तर कानार घेव नकात."

"पण काय बरळतील ते?"

ते कपाटापाशी गेले, काचेतून टोप पाहिले. "तुमी शिकलेली माणसां. टोप जमवा मास्तर. माणसां जमवू नकात." जाताना हसून माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो बराच वेळ तिथे होता.

२५ मार्च

संध्याकाळी साडेपाचला राऊळ आले. पायांना भेगा पडून रक्त आलेले. सुगंधाने पाणी दिले नि ती उंबरठ्यावरच बसली. आत जा म्हणून मी खूण केली. तिने पाहिले न पाहिलेसे केले.

राऊळ जमिनीकडे बघत बोलले. त्यांचेच शब्द जमतील तितके लिहितो.

"मास्तर, हातघाई-बितघाई काय झाली नाय. महादून तुमका रचून गजाल सांगली. इटलीतली न्हंय, नदी, पार करून आमी फुडे गेलेलो. सकाळीच आमचो एक जोडीदार सुरुंगार पाय पडान गेलो. दुपारी एका घराच्या तळघरातून हो जर्मन पोरगो भायर इलो. हात वर. एका हातात टोप, उताणो. आमका वाटला, आत बाँब आसतलो. बघतंय तर अंडी. पाच अंडी. आमका खावक देवक हाडलेली."

थांबले. पाणी प्याले.

"सायबान सांगल्यान, ह्येका मागच्या चौकीर पोचवा आणि अर्ध्या तासात परत येवा. चौकी दोन मैल. जावन येवक दीड तास. वाटेत एक मोरी होती. महादू म्हणालो, पलटण फुडे जातली, आपण मागे ऱ्हवतलो, ह्येच्यापायी आपणच मरतलो. तो पोरगो फुडे चलत होतो. मागे वळान बघल्यान नाय. मियां गोळी घातलंय. महादून नाय. मियां."

सुगंधाने तांब्या पुन्हा त्यांच्यापुढे सरकवला.

"मगे पुरलो. पाच तुतीची झाडां होती, तिसऱ्याच्या मुळात. आणि मगे त्याच टोपात ती अंडी उकडून खाल्ली. दोन दिवस पोटात काय नव्हता, मास्तर. तेवापासून मी अंड्याक शिवाक नाय. यशोदा समाजता, मी माळकरी झालंय."

सुगंधाने विचारले, "त्येना आपला नाव सांगल्यान होता?"

"सांगल्यान. चलतांना. छातीर हात लावन. एर्न्स, एर्न्स, असा. मियांय माझा सांगलंय. हरी."

उठताना म्हणाले, "त्येच्या आवशीक लिवा. खरा काय ता लिवा. माझ्या नावान."

२७ मार्च

दोन दिवस विचार केला. हे लिहायचे म्हणजे शरण आलेल्या माणसाला मागून मारल्याची लेखी कबुली परदेशी पाठवायची. उद्या चौकशी आली तर? राऊळांचे काय होईल? त्यांच्या बायकोचे? पलटणीची अब्रू, शाळेतला तो हार, माझी पाटी! आणि त्या म्हातारीला तरी हे कळून काय मिळणार? मी एक चांगले पत्र लिहिले. एर्न्स्ट शौर्याने लढला. त्याला मृत्यू तात्काळ आला, यातना झाल्या नाहीत. सन्मानाने दफन झाले.

सुगंधाला वाचून दाखवले. ती उठली, ट्रंक उघडली आणि एक पिवळा पडलेला कागद माझ्या पत्राशेजारी ठेवला. दत्ताराम गेल्याचे कळवणारे त्याच्या साहेबाचे पत्र. लग्नाला अकरा वर्षे झाली, मी ते कधी पाहिले नव्हते.

तिने बोट ठेवले. 'त्याला मृत्यू तात्काळ आला, यातना झाल्या नाहीत.'

"तुमी ह्या बघलेला नाय," ती म्हणाली, "तरी शब्द न् शब्द तोच. म्हणजे सगळे हेच लिवतत. सोळा वर्सां मी ह्या कागदाक इचारतंय, खंय पडलो, कोण होता त्येच्याजवळ. कागद काय सांगणा नाय."

दत्तारामाचा याच्याशी काय संबंध, असे मी म्हणणार होतो. म्हणालो नाही, ते बरे झाले. पत्र फाडले.

३० मार्च, रविवार

राऊळ सकाळी आले. ते सांगत गेले, सुगंधा लिहीत गेली, मी इंग्रजी केले. दुपार झाली. अंड्यांची गोष्ट गाळावी, असे मी सुचवले. हे वाचून त्या बाईला काय वाटेल?

"ती त्येच्या हातची अंडी," राऊळ म्हणाले. "लिवा."

महादूचे नाव घातले नाही. 'दुसरा एक शिपाई' एवढेच. मग राऊळांनी नकाशा काढला. चार अक्षरे लिहायला अडणारा हा माणूस; पण पेन्सिल कुठे अडखळली नाही. अर्धा पडलेला चर्चचा मनोरा, रस्त्याचे वळण, मोरी, ओढा, पाच झाडे, चौथ्याची फांदी मोडलेली. झाडांमधली अंतरे पावलांत. तेरा वर्षे राऊळ तिथून हललेलेच नाहीत, असे वाटले.

३ एप्रिल

पाकीट तीन दिवस माझ्या पिशवीत होते. रोज पोस्टावरून जातो, रोज काहीतरी कारण निघते. आज ठरवून गेलो. पोस्टाच्या पायरीवर महादू सावंत उभे होते; पत्राचे त्यांना राऊळांकडूनच कळले असावे. किती दिवस उभे असतील कोण जाणे.

"नमस्कार मास्तर," मोठ्याने म्हणाले, कारण माझ्या वर्गाची मुले समोरून जात होती. हात पुढे केला. मी पाकीट का दिले, मला सांगता येत नाही. त्यांचा हात पुढे होता आणि मी दिले.

"माझा नाव आसा ह्येच्यात?"

"नाही. शपथ."

"आज नाय. उद्या हरी सांगतलो." त्यांनी पाकीट उभे फाडले, मग आडवे, आणि तुकडे सदऱ्याच्या खिशात घातले. घाई नाही, राग नाही. मुलांनी मला वाकून नमस्कार केला, त्यांनाही केला.

घरी येऊन सुगंधाला सांगितले. वाटले, आता संपले. लाज वाटत होती आणि खरे सांगायचे तर सुटल्यासारखेही वाटत होते.

ती म्हणाली, "माझी मालवणी वही आसा. बसा, परत इंग्रजी करा."

७ एप्रिल

काल राऊळांकडून नकाशा पुन्हा काढून घेतला. मोडलेली फांदीही तीच.

आज सुगंधा माझ्याबरोबर पोस्टात आली. पायरीवर महादू होते. मला पाहून पुढे आले. सुगंधाने पाकीट दोन्ही हातांत धरले होते.

"वयनी, तुमका ह्येतला काय कळाचा नाय," ते म्हणाले.

"भाऊ, माझो भाव आफ्रिकेत ऱ्हवलो. कोणाक तरी म्हायत आसतला तो खंय आसा. तो गप बसलाहा, तुमच्यासारखो."

ते बाजूला झाले नाहीत. तीच वळसा घालून वर गेली. महादूंचा हात अर्धा उठला आणि खाली आला. आत तिने रजिस्टर करून घेतले. पाठवणाराचे नाव म्हणून स्वतःचे लिहिले. मी तेव्हा महादूंच्या शेजारी उभा होतो. त्यांना घाम फुटला होता. म्हणाले, "मिया फकत बोललंय मास्तर. बोललंय फकत."

२२ जून

उत्तर नाही. महादू सावंत सरपंच झाले, असे कळले. टोप प्रदर्शनानंतर घरी आले होते, पण फोग्टची पाटी शाळेतच राहिली होती; ती मी काढून आणली. मुख्याध्यापकांनी कारण विचारले. मजकुरात चूक आहे, म्हणालो.

रस्त्यात खाकी कपडे दिसले की मी अजून रस्ता बदलतो. राऊळ मात्र दर आठवड्याला बाजाराला येतात नि दारातूनच विचारतात, "काय इला?" नाही म्हटले की जातात. लावणीच्या दिवसांतही खाडा नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

काही नाही. आता येणार नाही, असे मी म्हणालो. राऊळ म्हणाले, "येतला." सुगंधाही तेच म्हणाली. दोघांना ही खात्री कुठून येते?

आचऱ्याहून एकाने निरोप पाठवला की आणखी एक टोप आहे, दोन्ही बाजूंना रंगवलेली जर्मन चिन्हे शाबूत. जावेसे वाटते. अजून गेलो नाही.

६ नोव्हेंबर

आले. या वेळी फोग्टच्या आईने कोणाकडून तरी इंग्रजीत लिहून घेतले आहे. मी मराठी केले. एक वाक्य आहे, ते राऊळांना वाचून दाखवू नये, असे मला वाटते. सुगंधाला तसे बोललो. तिने मराठी कागद माझ्या हातातून घेऊन स्वतःच्या पर्समध्ये ठेवला.

९ नोव्हेंबर १९५८, रविवार

सुगंधा पहिल्यांदाच वालावलला आली. राऊळांच्या खळ्यात भाताची झोडणी चालली होती. आम्हाला पाहून राऊळांनी हातातली पेंढी खाली ठेवली. यशोदाबाईंना यातले काही माहीत नाही, म्हणून मी त्यांच्याकडे पाहिले. राऊळ म्हणाले, "ऱ्हवांदे तिका. आयकांदे."

यशोदाबाई सूप हातात घेऊन उभ्या राहिल्या. सुगंधाने वाचले.

"नकाशा बरोबर होता. झाडे आता तीनच आहेत, पण मोरी आहे. ऑगस्टमध्ये तिथल्या अधिकाऱ्यांनी जमीन खणली. मी तिथे होते. तो सापडला. त्याचा एक दात लहानपणी मोडला होता, त्यावरून मी ओळखला. आता त्याला नाव असलेली जागा आहे.

"त्याने चालताना तुम्हाला आपले नाव सांगितले, असे तुम्ही लिहिले. मी ते पुष्कळदा वाचले. अंड्यांचेही वाचले. तो कोणाकडे रिकाम्या हाताने जात नसे.

"मी तुम्हाला क्षमा केलेली नाही. ती माझ्याच्याने होईल असे वाटत नाही. पण तेरा वर्षे मला कुठे जायचे ते ठाऊक नव्हते. आता ठाऊक आहे."

सुगंधाचा आवाज कुठे अडला नाही. तिने कागद खाली केला. वारा होता, खळ्यातली फोलपटे उडत होती. यशोदाबाईंच्या हातातले सूप तसेच होते. त्यांनी नवऱ्याकडे पाहिले. एवढ्या वर्षांत त्यांनी त्यांना कधी नीट पाहिलेच नव्हते, असे ते पाहणे होते. मला वाटले, आता या आत निघून जातील. त्या गेल्या नाहीत. सूप खाली ठेवून पेंढ्यांवर बसल्या, राऊळांपासून हातभर अंतरावर.

"क्षमा नाय, असाच लिवल्यान मां?" राऊळांनी विचारले.

"होय," सुगंधा म्हणाली.

"बरा झाला." दोन्ही हातांनी त्यांनी तोंड पुसले. "केलंय म्हणून लिवल्यान आसता तर माका खरा वाटला नसता."

मी काहीतरी समजुतीचे बोलू लागलो, त्यांनी हात वर करून मला थांबवले आणि सुगंधाला म्हणाले, "पयल्यापासून परत वाचा, बाय."

तिने पुन्हा सुरुवात केली. 'मी तिथे होते' या वाक्याशी आली तेव्हा राऊळ म्हणाले, "हय थांबा. ती थय एकटीच गेल्ली काय? कोण होता तिच्यासांगात?"

"ते लिहिलेले नाही," मी म्हणालो.

"मगे इचारा तिका. लिवा."

एवढे सगळे झाल्यावर हेच विचारायचे कशाला, मला कळले नाही. सुगंधाने माझ्या खिशातले पेन काढून घेतले, त्याच कागदाची मागची बाजू मांडीवर पसरली आणि म्हणाली, "सांगा, भाऊ."